जोडमार्गातलं व्हायोलिन आणि कट्ट्यावरची माणसं: एका भुयारी स्थानकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोठ्या शहरातल्या भुयारी मेट्रो स्थानकाचं आहे. स्थानक आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. प्रवासी सुविधांच्या बाजूने मी तिथल्या वादकांबद्दलच्या बैठकांना असायचो, त्यामुळे पुढची मतं माझी आहेत, मेट्रो प्रशासनाची नाहीत.

इथे दोन मार्गिका एकमेकींना छेदतात. बरेचसे प्रवासी स्थानकाबाहेर पडतच नाहीत, एका फलाटावरून उतरून दुसऱ्यावर जातात. मधे लांबलचक जोडमार्ग आहे, त्याच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत टाइल्स. जोडमार्ग संपतो तिथे, सरकत्या जिन्यांच्या पायथ्याशी, एक गोल मोकळी जागा आहे. तिथल्या खांबांभोवती दगडी कट्टे आहेत. बांधणाऱ्यांनी ते बसायला केले होते की खांबांना धक्के लागू नयेत म्हणून, हे आता कुणालाच सांगता येत नाही. लोक मात्र पहिल्या दिवसापासून तिथे बसत आले. कुणी कुणाची वाट बघायचं, शिकवणीहून परतणारी मुलं गाडी सोडून गप्पा मारायची, काही वयस्कर माणसं रोज ठरल्या वेळी येऊन बसायची आणि कुठल्याही गाडीत न चढता घरी जायची.

वादक तिथे कधीपासून येऊ लागले याची नोंद नाही. सकाळी जोडमार्गात व्हायोलिन, दुपारी अकॉर्डियन, संध्याकाळी छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गिटारवाला आणि गोल जागेत प्लॅस्टिकच्या उपड्या बादल्यांवर ताल धरणारे दोन तरुण. नियमावलीत विनापरवाना कार्यक्रमांना बंदी होती. पण कर्मचारी काणाडोळा करायचे आणि वादकांनी आपापसात पाळ्या लावून घेतल्या होत्या: जो आधी येईल तो दोन तास वाजवेल, भांडण झालं तर जुना माणूस सोडवेल. व्यवस्था कागदावर नव्हती, तरी चालत होती.

अडचण

एका संध्याकाळी एका मार्गिकेवरची वाहतूक अचानक थांबली. प्रवाशांनी दुसऱ्या फलाटावर जावं, अशी घोषणा सुरू झाली. त्या वेळी गोल जागेत बादलीवाल्यांभोवती कडं जमलं होतं. कड्यातल्या लोकांना घोषणा कळलीच नाही आणि वरून येणाऱ्यांना पुढे जायला जागा मिळेना. जिना वरून माणसं आणून सोडतच होता. शेवटी एका प्रवाशाने आणीबाणीचं बटण दाबून जिना थांबवला. कुणाला इजा झाली नाही, पण सरकत्या जिन्याच्या तोंडाशी गर्दी अडकणं किती धोक्याचं असतं हे स्थानकावर काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. भुयारी स्थानकांची रचनाच मुळी मिनिटांच्या हिशोबावर होते. अमेरिकेतल्या एनएफपीए 130 या अग्निसुरक्षा मानकात फलाट 4 मिनिटांत रिकामा व्हावा आणि माणसं 6 मिनिटांत सुरक्षित जागी पोचावीत, अशी अपेक्षा धरलेली असते. त्या हिशोबात घोळक्याला जागा नसते.

दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला: स्थानकात कुठेही, कुठलंही वादन बंद.

आदेशानंतर तक्रारी थांबतील अशी अपेक्षा होती. त्या थांबल्या नाहीत, नुसत्या बदलल्या. संगीत परत आणा म्हणणाऱ्या चिठ्ठ्या आल्या, त्यांचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. वेगळी होती ती जोडमार्गाबद्दलची तक्रार. उशिरा परतणाऱ्या काही महिलांनी कळवलं, की पूर्वी त्या लांब बोगद्यात निदान एक माणूस उभा असायचा, ओळखीचा, काहीतरी वाजवणारा. आता शेवटच्या टोकापर्यंत फक्त स्वतःच्या चपलांचा आवाज येतो. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांनीही हेच सांगितलं. वादक म्हणजे त्यांना पगार न देता मिळालेली डोळ्यांची जोडी होती. कुणी चक्कर येऊन पडलं, कुणाची बॅग बेवारस राहिली, तर पहिली हाक वादकाचीच यायची.

आदेश काढताना हे कुणी लक्षात घेतलं नव्हतं. त्यातूनच स्थानकप्रमुख, सुरक्षा विभाग, ध्वनियंत्रणा सांभाळणारे अभियंते, जनसंपर्क विभाग, दोन वादक आणि दोन प्रवासी असा छोटा गट बसवला गेला.

समोर असलेले पर्याय

सरसकट बंदी कायम ठेवणं सगळ्यात सोपं होतं आणि सुरक्षा विभागाची पसंती त्यालाच होती. 'होतं तसं चालू द्या' म्हणणारे अर्थातच वादक.

तिसरा पर्याय जनसंपर्क विभागाचा: चाचणी घेऊन निवडक वादकांना परवाने द्या. याची उदाहरणं भक्कम होती. पॅरिसमध्ये 1997 पासून मेट्रो चालवणारी संस्था वादकांची निवड करून सुमारे 300 जणांना परवानगी देते. वाजवायचं जोडमार्गांत, फलाटावर किंवा गाडीत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत पूर्वी वादन बेकायदा होतं. 2003 पासून तिथे रीतसर योजना आहे, ठरलेल्या जागी जमिनीवर अर्धवर्तुळ रंगवलेलं असतं आणि वेळ दोन-दोन तासांची. न्यूयॉर्कमध्ये 1985 साली प्रयोग म्हणून सुरू झालेल्या योजनेत दरवर्षी चाचणी होते. पण तिथली गोम अशी, की योजनेत नसलेल्या माणसालाही नियम पाळून वाजवायची मुभा आहे. योजनेतल्यांना ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि नावाचा फलक मिळतो, एवढाच फरक. नियम मात्र मोजूनमापून लिहिलेले: फलाटावर अ‍ॅम्प्लिफायर नाही, आणि वादकापासून 5 फुटांवर आवाज 85 डेसिबलच्या वर जाता कामा नये.

चौथा पर्याय वादकांपैकी एकाने मांडला, तो माँट्रियलवरून घेतलेला. तिथे मेट्रोत वादनाच्या जागी वीणेसारख्या वाद्याचं चिन्ह असलेली पाटी लावलेली असे आणि वादक सकाळी लवकर येऊन यादीत आपलं नाव घालत. अशा जागी निवड कुणी करत नसे, फक्त पाळी लागे.

पाचवा पर्याय ऐकून मी चपापलो. सुरक्षा सल्लागाराने सुचवलं, की ध्वनिक्षेपकांवरून ध्वनिमुद्रित शास्त्रीय संगीत लावा. प्रवाशांना बरं वाटेल आणि टोळकी रेंगाळणार नाहीत. हे हवेतलं नव्हतं. लंडनच्या काही भुयारी स्थानकांवर 2000 च्या दशकात नेमक्या याच हेतूने पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवलं गेलं. पण आपल्या हातातला प्रश्न बघा: माणसं जमतात ही अडचण आहे, की ती चुकीच्या जागी जमतात ही? पहिलं उत्तर मान्य केलं, तर संगीत हे डास पळवायच्या धुरासारखं वापरायचं असतं. गटाने तो पर्याय बाजूला ठेवला, मतदान न घेता.

पहिला निर्णयबिंदू: काय वाजतं, की कुठे वाजतं?

सुरुवातीच्या बैठका दर्जावर घसरल्या. जनसंपर्क विभागातल्या एकाने जोशुआ बेल यांचा प्रसंग काढला. 12 जानेवारी 2007 ला हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक वॉशिंग्टनच्या लाँफाँ प्लाझा स्थानकापाशी साध्या कपड्यांत 43 मिनिटं वाजवत उभा होता. 1,097 माणसं समोरून गेली, मिनिटभर तरी थांबली ती अवघी 7. हा प्रयोग 'वॉशिंग्टन पोस्ट'ने घडवून आणला होता. 'लोकांना चांगलं कळत नाही, तेव्हा आपणच निवडून दिलं पाहिजे', असा त्याचा अर्थ बैठकीत लावला गेला.

मला तो अर्थ पटत नाही. बेल उभे होते ते जिन्यांच्या माथ्यावर, दाराजवळ, कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला. तिथे कुणीही थांबणार नाही, आणि थांबू नयेच. तिथे 200 माणसं थांबली असती तर मागच्यांचे हाल झाले असते. त्या प्रयोगातून दर्जाबद्दल फारसं काही कळत नाही. जागा आणि वेळ काय करते ते मात्र लख्ख कळतं. आमच्या स्थानकातल्या व्हायोलिनवादक बाईंनी हेच साध्या शब्दांत सांगितलं: "सकाळी मी चालणाऱ्यांसाठी वाजवते. त्यांना पन्नास पावलं ऐकू येतं, तेवढ्यात एक ओळ पूर्ण व्हायला हवी. संध्याकाळी बसलेल्यांसाठी वाजवायचं असतं, ते वेगळं."

त्या वाक्यानंतर चर्चा वळली. कोण वाजवणार हे मागे पडलं आणि स्थानकाचा नकाशा टेबलावर आला.

दुसरा निर्णयबिंदू: घोषणा कुठे ऐकू येत नाहीत?

ध्वनिअभियंत्याने प्रथम डेसिबलची मर्यादा सुचवली. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. टाइल्सच्या बोगद्यात तसं होत नाही. तिथे तो बराच हळू उतरतो, कारण भिंतींवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळत राहतो. म्हणजे वादकाजवळ मोजलेल्या आकड्यावरून लांब उभ्या माणसाला घोषणा कळेल की नाही, ते ठरत नाही.

मग एक साधी चाचणी झाली. गर्दी ओसरल्यावर चार जणांना कागद-पेन्सिल देऊन चार ठिकाणी उभं केलं: जोडमार्गाच्या मधोमध, वळणावर, जिन्याच्या पायथ्याशी आणि गोल जागेच्या मागच्या भिंतीजवळ. एकेक वाद्य आळीपाळीने वाजत राहिलं आणि ध्वनिक्षेपकावरून बनावट घोषणा दिल्या, दर वेळी वेगळा फलाट, वेगळं गंतव्य. ऐकू आलं तसं लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही.

कागद बघून सगळेच गप्प झाले. व्हायोलिन आणि अकॉर्डियन चालू असताना घोषणा जवळजवळ पूर्ण उतरल्या होत्या. गिटारवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर गंतव्याची नावं अर्धवट. बादल्या वाजत असताना जिन्याच्या पायथ्याशी उभ्या मुलीच्या कागदावर 'प्रवाशांनी कृपया' एवढंच होतं, पुढे रेघ आणि फलाटाच्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह. कारण समजण्यासारखं आहे. बोलणं कळतं ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची ओळख पटवणारा भाग साधारण 1,000 ते 4,000 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. प्लॅस्टिकवर पडणारा तुटक ठोका त्याच पट्ट्यावर सपासप घाव घालतो, वर टाइल्समुळे प्रत्येक ठोक्याची शेपटी लांबते. मागच्या भिंतीजवळ मात्र त्याच बादल्यांसह घोषणा बऱ्यापैकी लिहिल्या गेल्या होत्या.

गटातले एक प्रवासी दृष्टिहीन होते. त्यांनी सांगितलेली गोष्ट कुठल्याही मापनात आली नसती. त्यांना जिना सापडतो तो कानाने: पायऱ्या जिथे जमिनीत शिरतात तिथली घरघर ही त्यांची खूण. गेटच्या 'पीप-पीप' आवाजावरून रांग कळते. जिन्याजवळ ताल सुरू झाला की ही खूण पुसली जाते आणि ते भिंतीला हात लावून उभे राहतात. "वाजवायला माझी हरकत नाही," ते म्हणाले, "जिन्याच्या तोंडाशी नको. आणि जागा रोज बदलू नका. व्हायोलिन एकाच वळणावर असेल, तर मला तीच खूण होईल."

जागा निश्चित असाव्यात, हा निर्णय खरं तर त्या एका वाक्याने झाला.

काय केलं

तीन जागा ठरल्या: जोडमार्गाचं रुंद वळण, गोल जागेची मागची भिंत आणि बाहेर पडायच्या दाराजवळचा कोपरा. फलाटावर काहीच नाही. जमिनीवर अर्धवर्तुळं रंगवली. अ‍ॅम्प्लिफायर फक्त मागच्या भिंतीजवळ, तोही गर्दीची वेळ सोडून.

चाचणी परीक्षा घ्यायची नाही, नुसती नाव-नोंदणी करायची, असं ठरलं. जनसंपर्क विभागाला हे शेवटपर्यंत रुचलं नाही. पाळ्यांची यादी वादकांनीच चालवायची आणि वही स्थानकप्रमुखांच्या खोलीबाहेर टांगायची. प्रशासनाने लोकांच्या चालत्या व्यवस्थेला वहीचा आधार दिला, ती मोडून नवी बसवली नाही, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं.

प्रत्येक अर्धवर्तुळासमोर भिंतीत एक लाल दिवा बसवला. आणीबाणीची घोषणा सुरू झाली की दिवा लागणार, वाद्य थांबणार. सुरुवातीला तो नियंत्रणकक्षातून हाताने लावायचा होता, आणि अपेक्षेप्रमाणे घाईगडबडीत तो लावायचंच राहून जायचं. पुढे घोषणेच्या मायक्रोफोनलाच तो जोडला, तेव्हा कटकट मिटली.

बादलीवाल्यांचा प्रश्न अवघड होता. त्यांना दाराजवळचा कोपरा आणि संध्याकाळची उशिराची वेळ दिली. त्यांना तो अपमान वाटला. एकाने काही आठवड्यांत येणं सोडलं, तो वर रस्त्यावर वाजवू लागला. दुसरा राहिला.

निष्पत्ती

घोषणांबद्दलच्या तक्रारी जवळपास थांबल्या. जोडमार्गातल्या वळणावर रात्रीपर्यंत कुणी ना कुणी असतं. रक्षक खूश आहेत.

मग दोन गोष्टी उपटल्या, ज्यांचा बैठकांत कुणी विचार केला नव्हता.

पहिली तिकीट खिडकीतून आली. प्रवासी वादकासमोरून मिनिटभरात निघून जातो, खिडकीतला माणूस आठ तास बसतो. दाराजवळच्या कोपऱ्यात एक गिटारवाला रोज तीच सहा गाणी त्याच क्रमाने वाजवत होता. तिथल्या कर्मचाऱ्याने ती क्रमवारी मला तोंडपाठ म्हणून दाखवली, तिसऱ्या गाण्यात तो कुठे चुकतो त्यासकट. यावर उपाय झाला: एका वादकाने लागोपाठच्या दिवशी एकच जागा घ्यायची नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. वादन बंद असलेल्या काळात देखभाल विभागाने दगडी कट्ट्यांवर लोखंडी दांडे बसवून घेतले, कुणी बसू नये म्हणून. त्या विभागाला गटाची खबर नव्हती, गटाला त्या कामाची. परिणाम असा, की मागच्या भिंतीजवळ संगीत परतलं, पण पूर्वी बसून ऐकणारे आता उभे राहू लागले. बसलेला माणूस खांबाला चिकटून असतो. उभा माणूस वाटेत असतो. जो घोळका टाळायला हा खटाटोप केला, तो दांड्यांनी परत उभा केला. वयस्कर मंडळी यायची बंद झाली.

संगीत आणि बसणं हे दोन वेगवेगळ्या फायलींचे विषय आहेत, असं प्रशासनाने धरलं होतं. गोल जागेत मात्र तो एकच विषय होता. माणसं तिथे मैफलीला येत नव्हती. ती थोडा वेळ टेकायला यायची, आणि वाजत असेल तर जरा जास्त टेकायची. वादकाचीही कमाई टेकणाऱ्यांवरच होती. बरीच पत्रापत्री होऊन निम्म्या कट्ट्यांवरचे दांडे काढले, मागच्या भिंतीच्या बाजूचे. जिन्याकडचे तसेच आहेत, आणि माझ्या मते ते तिथे योग्यच आहेत.

यादीतही कुरकुर झाली. जुन्या वादकांनी संध्याकाळच्या पाळ्या आपापसात वाटून घेतल्या आणि नवख्यांना सकाळची पडेल वेळ उरली. स्वयंशासनाचं हे नेहमीचं दुखणं. आता संध्याकाळच्या निम्म्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. भांडणं कमी झाली आहेत, संपलेली नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सरसकट बंदीची गरज नव्हती. घोटाळा एका जागेवर, एका वेळी झाला होता; तेवढ्याच जागेवरचं वादन थांबवून बाकीचं चालू ठेवता आलं असतं. आणखी एक नुकसान झालं: बंदीआधी काहीच मोजलेलं नव्हतं. जोडमार्गात रात्री सुरक्षित वाटतं असं लोक सांगतात, माझा त्यावर विश्वास आहे, पण आधीची नोंद नसल्यामुळे अर्थविभागापुढे ते मांडता येत नाही.

तिकीट खिडकीतल्यांना पहिल्या बैठकीला बोलवायला हवं होतं. गटात स्थानकप्रमुख होते म्हणजे कर्मचारी आलेच, असं गृहीत धरलं गेलं. देखभाल विभागाला नुसता निरोप गेला असता, तरी दांडे टळले असते.

बादलीवाल्यांच्या बाबतीत घाई झाली. त्यांचा ताल जिन्याजवळ नको हे कागदांनी दाखवलंच होतं. पण त्याच कागदांनी मागच्या भिंतीजवळ तो चालतो हेही दाखवलं होतं. भिंतीवर ध्वनिशोषक पट्ट्या लावून आणि बादल्यांखाली जाड रबर टाकून आणखी एक चाचणी घेता आली असती. ती झाली नाही, कारण सुरक्षा विभागाच्या डोक्यात ती संध्याकाळ ताजी होती. या दोघांकडे वादक म्हणून नव्हे, त्या संध्याकाळची आठवण म्हणून बघितलं गेलं. हा अन्याय होता असं माझं मत आहे. गटातल्या सगळ्यांचं नाही.

मधल्या काळात त्याच मार्गिकेवरच्या आणखी एका स्थानकाने ही पद्धत उचलली. अर्धवर्तुळं रंगवली, दिवे बसवले, वही टांगली. कागद-पेन्सिलची चाचणी मात्र वेळखाऊ म्हणून गाळली, आणि एक अर्धवर्तुळ नेमकं ध्वनिक्षेपकाच्या खाली आलं. तिथला वादक घोषणेवर मात करायला जोरात वाजवतो, मग नियंत्रणकक्ष घोषणेचा आवाज वाढवतो. रंग खरवडून जागा हलवायची आहे. त्याआधी चार माणसं कागद घेऊन उभी करा, एवढंच आम्ही त्यांना लिहून कळवलं आहे.